दहावं वाक्य

८ जानेवारी, बुधवार

ही वही बाईंनी दिली. रोज पाच ओळी इंग्रजीत लिहायच्या असं फर्मान आहे. त्या पुढच्या पानांवर लिहून झाल्या. मागच्या बाजूने मी मराठीत लिहिणार, कारण इंग्रजीत मला अजून चिडता येत नाही. बाईंच्या हाती ही पानं लागायची भीती नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या एकट्या पलंगावरून उतरत नाहीत, आणि माझी खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे आहे.

तर परीक्षा द्यायचं ठरलं. ताई परदेशात ज्या वृद्धांच्या होममध्ये काम करते तिथे आणखी एक बाई हवी आहे. ताईने माझं नाव सांगून ठेवलंय. त्यांची अट एकच, इंग्रजीची परीक्षा पास पाहिजे. आणि चाळिशी पुरी झालेल्यांचा अर्ज घेत नाहीत. मला ऑगस्टात चाळीस पुरी होतात. परीक्षा मार्चात, नंतरची एकदम सप्टेंबरात. म्हणजे आत्ता नाहीतर कधीच नाही. फॉर्मची शेवटची तारीख २६ फेब्रुवारी.

वाचता येतं, कामापुरतं बोलता येतं. घोडं अडतं ते फ्रेजल व्हर्बपाशी. लुक म्हणजे बघणे, इथवर ठीक. त्याला आफ्टर लागलं की सांभाळणे, फॉर लागलं की शोधणे, अप टू लागलं की आदर बाळगणे. एकच बाई तीन घरांत तीन वेगळी कामं करते, तसला प्रकार. गाइडात तीनशेची यादी आहे. सकाळी कपडे वाळत घालताना चाळीस पाठ केले, संध्याकाळी मोजले तर चार उरले होते.

बाईंना हे सांगितलं तर त्या खो खो हसल्या. त्यांना सांभाळायला या घरात येऊन मला अकरा महिने झाले. त्यांना मोठ्याने हसताना आज पहिल्यांदा ऐकलं.

११ जानेवारी, शनिवार

बाईंनी गाइड कपाटात टाकायला लावलं. "यादी किराण्याची करतात," म्हणाल्या. "भाषा यादीने येत असती तर वाणी सगळ्यांत मोठा पंडित झाला असता."

एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे बोलणं अजून फळ्यापुढे उभं राहिल्यासारखंच. उशीशेजारी लाल पेन्सिल असते. वर्तमानपत्रातल्या चुकासुद्धा त्या लाल करतात.

आता घरात हुकूम इंग्रजीतच. त्या म्हणणार, मी करणार. वेक अप म्हटलं की पडदे सरकवायचे. सिट अप म्हटलं की पाठीमागे हात घालून उठवायचं. टर्न ओव्हर म्हणजे कुशीवर वळवायचं, पुट ऑन म्हणजे चष्मा घालायचा, टेक ऑफ म्हणजे मोजे काढायचे. बाई म्हणतात, हाताला जे कळलं ते डोकं विसरत नाही.

काल फिजिओ आले होते. ते मंगळवारी आणि शुक्रवारी बाईंचे पाय चालवून घ्यायला येतात. दारात उभं राहून ऐकत होते. "काय सिस्टर, पलटणीत भरती झालात की काय?" म्हणाले. बाईंनी त्यांना गेट आऊट म्हटलं आणि लगेच मला त्याचा अर्थ विचारला.

तीन दिवसांत सव्वीस शब्द झाले. एकही विसरले नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

नवी युक्ती. बाईंचा गोळ्यांचा एक जुना डबा आहे, सात वारांचे सात कप्पे. त्यात आता शब्दांच्या चिठ्ठ्या. आजचा शब्द आजच्या कप्प्यात. आला तर तीन घरं पुढे ढकलायचा, चुकला तर उद्याच्याच घरात. जो जास्त छळतो तो रोज भेटतो, जो शहाण्यासारखा वागतो तो उशिरा. बाई म्हणाल्या, "माणसांचंही असंच असतं." मी म्हटलं, "उलटं असतं बाई, शहाणी माणसं तर येतच नाहीत."

सकाळी घाईत 'कॅरी ऑन'ची चिठ्ठी रक्तदाबाच्या गोळीबरोबर बाईंच्या तळहातावर गेली. त्यांनी चष्म्यातून बघितली आणि विचारलं, "ही जेवणाआधी की नंतर?"

१९ जानेवारी, रविवार

बाई म्हणतात, सगळ्यांत पक्की युक्ती म्हणजे खरं वाक्य. "पुस्तकातला जॉन पाच वाजता उठतो. त्याच्याशी तुझं काय देणंघेणं? स्वतःच्या आयुष्यातलं लिही. खोटं वाक्य टिकत नाही." शब्द बरोबर पण वाक्य खोटं असेल तर मार्क नाही, हा त्यांचा नियम.

मी लिहिलं : माय मदर पास्ड अवे, आई वारली. माय सिस्टर ब्रॉट मी अप, ताईने मला वाढवलं. देन शी वेंट अवे, मग ती निघून गेली. तीनच वाक्यांत माझी सगळी गोष्ट संपली. जरा लाजच वाटली.

मग मी म्हटलं, बाई, तुम्ही एक सांगा. त्यांनी जरा वेळ छताकडे बघितलं. "नोबडी ड्रॉप्स इन." सहज म्हणून कोणी डोकावत नाही.

"असं काय बाई, मी आहे ना!"

"तू डोकावत नाहीस. तू राहतेस. शब्द नीट वापर."

संध्याकाळी ताईचा फोन. रविवारी तिला अर्धा दिवस सुट्टी. तिच्या खोलीत दोन खाटा आहेत, दुसरीवर ती इस्त्रीचे कपडे ठेवते. "छोटी, तू येणार म्हणून कपडे उचललेत बरं का," म्हणाली. मी म्हटलं, अगं, आधी परीक्षा तर होऊ दे. ती म्हणाली, तीन वर्षं झाली, खोलीत माझ्याशिवाय कोणी खोकलंसुद्धा नाही.

मला तिच्याकडे जायचंय. एवढंच आहे. सतरा वर्षं दुसऱ्यांची माणसं सांभाळली, अकरा घरं झाली. माणूस बरा झाला की माझी बॅग भरायची, गेला की माझी बॅग भरायची. आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलंय आणि ते तिकडे रिकाम्या खाटेकडे बघत बसलंय.

३० जानेवारी, गुरुवार

दर गुरुवारी वीस मार्कांचा पेपर. बाईंनी अट घातली आहे : सोळा पडल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. "नापास होऊन आलीस तर तुझा धीर सुटेल, आणि माझं नाव जाईल." मागच्या गुरुवारी चौदा पडले होते. आज पंधरा! बाईंनी लाल पेन्सिलीने पंधराभोवती गोल काढला. मला गोलाचं एवढं कौतुक वाटलं की पान फाडून खोलीत भिंतीवर लावलं.

आज जेवताना त्या शाळेतलं सांगत होत्या. चाळीस वर्षांत एकाही मुलाचा अर्धा मार्क खाल्ला नाही. एकदा मुख्याध्यापकांच्या भाच्याला पास करा म्हणून दडपण आलं, तर यांनी सगळा गठ्ठा पुन्हा त्यांच्यासमोर तपासून दाखवला. "लाल पेन्सिल हातात असली की नातंगोतं नसतं," म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी सोळा नक्की.

२ फेब्रुवारी, रविवार

बाईंच्या मुलाचा फोन आला. महिन्यातून एकदा येतो. पंचावन्न वर्षांचा माणूस मला मावशी म्हणतो, मी काय बोलणार! बाई पडल्या होत्या, डोळे मिटलेले, म्हणून फोन मीच घेतला. त्यांच्या उशाशी बसून बोलले. तो फोन जुना, त्यातला आवाज अख्ख्या खोलीत ऐकू येतो.

परीक्षेचं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे? तो म्हणाला, "चांगलं आहे, मावशी. अडवणार नाही मी. पण तुम्ही गेलात तर पुन्हा नवीन बाई शोधण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. तुमच्या आधीच्या चौघींनी पळ काढला होता, ठाऊक आहे ना? आईला सरळ होममध्ये ठेवतो. घर बंद करून टाकू."

मी हळू म्हटलं, त्यांना विचारलंत का? "तिला काय विचारायचं," म्हणाला.

बरं झालं, बाईंचा डोळा लागला होता. अशा गोष्टी त्यांच्या कानावर न आलेल्या बऱ्या. नंतर सूप घेऊन गेले तर म्हणाल्या, भूक नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बारा.

माझा विश्वासच बसेना. गिव्ह अपचा अर्थ मी 'नाद सोडणे' लिहिला होता, त्यावर लाल फुली. मी म्हटलं, बाई, तुम्हीच तर असं सांगितलं होतं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "संदर्भाने अर्थ बदलतो. तू संदर्भ बघत नाहीस." आज बोलण्यात नेहमीचा तोरा नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हत्या. वैतागल्या असणार माझ्यावर, दुसरं काय? महिनाभर घसा कोरडा करायचा आणि पालथ्या घड्यावर पाणी.

चाळीस वर्षं शिकवलेली बाई चुकणार आहे थोडीच? मीच संदर्भ बघत नसेन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा. या आठवड्यात रोज दोन तास जास्त बसले. भाजी चिरताना चिठ्ठ्या समोर ठेवल्या, बोट कापलं. गोळ्यांच्या डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या पुढे सरकल्यात, एकही चुकत नाही. पेपरात मात्र फुल्याच फुल्या. डब्यात येतं आणि कागदावर जातं कुठे?

खरं सांगायचं तर भीती वाटायला लागली आहे. हे वयच शिकायचं नाही, असं कुणी तोंडावर म्हणालं तर मी भांडले असते. पण आतून मलाच तसं वाटतंय.

बाई सध्या माझ्याशी फार गोड वागतात. काल त्यांनी त्यांची लोकरीची शाल मला दिली. "तुला थंडी वाजते," म्हणाल्या. माझी, बिचारीची, त्यांना दया येत असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईला सांगितलं, बहुतेक जमत नाही. ती म्हणाली, "बरं. काळजी घे." पाच मिनिटांनी तिचाच फोन. "छोटी, फॉर्म तरी भर ना." मी म्हटलं, सोळा पडल्याशिवाय बाई भरू देणार नाहीत. ती एकदम भडकली. "कोण ही बाई? तुझी सासू का?"

मी पण भडकले. म्हटलं, त्या माझ्यासाठी जीव तोडतात, एक अक्षर बोलू नकोस त्यांना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नऊ.

नळ सोडून न्हाणीघरात रडले. बाहेर आले तर बाईंनी विचारलं, "डोळे लाल का?" म्हटलं, साबण गेला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. टर्न ओव्हर न म्हणताच वळल्या, एकट्या. दुखलं असणार.

ठरवलं. फॉर्म भरायचा नाही. नाद सोडला. गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे, संदर्भ काहीही असो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भलतंच झालं. पेपर मी रद्दीत टाकले होते. फिजिओंना तेलाची बाटली ठेवायला कागद हवा होता, त्यांनी वरचाच उचलला आणि वाचायला लागले. या माणसाने हीच परीक्षा सहा वर्षांपूर्वी दिली होती, पास झाला होता, पण वडील आजारी पडले म्हणून गेला नाही. हे मला आजच कळलं.

"सिस्टर, हे चूक कोणी दिलं?"

"बाईंनी."

त्यांनी बाकीचे दोन्ही पेपर उपसून काढले. एक एक ओळ बोटाने वाचली. मग आतल्या खोलीकडे बघितलं आणि मला स्वयंपाकघरात ओढलंच म्हणा ना. "ही उत्तरं बरोबर आहेत. सगळी नाही, पण यातली बहुतेक. फॉर्म भरा तुम्ही."

"म्हणजे बाई चुकल्या?"

त्यांनी कपाळावर हात फिरवला. "ते मला नका विचारू. फॉर्म भरा."

दिवसभर विचार केला. आता सगळं लक्षात आलं. बाईंचं डोकं चालेनासं झालंय. वयच तेवढं आहे. स्वतःच शिकवलेले अर्थ विसरतात. अकरा घरांत मी हे बघितलंय, पहिल्यांदा असंच होतं, किल्ल्या विसरतात, वार विसरतात. आणि मी मूर्ख, स्वतःलाच दोष देत बसले!

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अशा वेळी यांना टाकून जायचं?

२३ फेब्रुवारी, रविवार

फॉर्म भरला नाही अजून. मन होत नाही.

आज मीच बाईंच्या मुलाला फोन केला, गॅलरीत जाऊन, दार लावून. सांगणं माझं कर्तव्य होतं. म्हटलं, बाई विसरायला लागल्यात, डॉक्टरांना दाखवा. बरोबरला चूक म्हणतात. तो म्हणाला, "मग तर प्रश्नच मिटला. उद्याच होमवाल्यांशी बोलतो. तुम्ही असा नाहीतर नसा, अशा अवस्थेत तिला घरी ठेवणं बरोबर नाही."

करायला गेले एक आणि झालं एक. मला वाटलं होतं, तो म्हणेल, मी येतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी दहाला मुलाचा फोन आला, थेट बाईंना. मी बेसिनपाशी होते. बाई फक्त "हं" म्हणत होत्या. फोन ठेवला आणि मला हाक मारली. नुसती हाक, इंग्रजी नाही.

"माझं डोकं ठिकाणावर नाही असं तू त्याला सांगितलंस?"

"बाई, तुमच्याच काळजीने..."

"पेपर आण."

आणले. त्यांनी हातात घेतले नाहीत. "तुझ्याकडेच ठेव. बघ आणि मी सांगते ते ताडून पाहा." डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. सहा फेब्रुवारी, सातवा प्रश्न, तू नाद सोडणे लिहिलंस, बरोबर होतं. नववा, पुढे ढकलणे, बरोबर. बारावा, सूड उगवणे, बरोबर. तेरा तारखेचा तिसरा. पाचवा. सहावा. वीस तारखेचे अकरा प्रश्न एका दमात. कुठे मी स्पेलिंग खोडून पुन्हा लिहिलं होतं तेही सांगितलं. एकसुद्धा आकडा चुकला नाही.

"खरे मार्क सतरा, अठरा, वीस. तुझा शेवटचा पेपर पूर्ण बरोबर होता. माझ्या नोकरीत असे पेपर मी बोटांवर मोजण्याइतके बघितले."

मी उभीच. "मग चूक का दिलं?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी झोपले नव्हते. तो घर बंद करू म्हणाला ते ऐकलं. सोळाची अट आधी घातली होती ती तुझ्या भल्यासाठीच. नंतर तुला अडवायला तीच मला सापडली. दोन दिवस अजून गप्प राहिले असते तर तारीख गेली असती, आणि तू मला शालीबद्दल दुवा देत बसली असतीस."

मी पेपर जमिनीवर टाकले आणि बाहेर आले. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एक्याऐंशी वर्षांच्या, पांगळ्या बाईच्या. वाटलं ते वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म भरला. फिजिओंच्या फोनवरून. शाल घडी करून बाईंच्या पायथ्याशी ठेवली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काम चोख करते. आंघोळ, गोळ्या, सूप, वॉकर. बोलत नाही. त्याही हुकूम सोडत नाहीत. घर एवढं शांत आहे की फ्रिज चालू झाला तरी दचकायला होतं. आज गुरुवार, पेपर नाही.

राग उतरत नाहीये. माझ्याशी खोटं बोलल्या याचा राग आहेच, पण त्याहून मोठा राग वेगळाच आहे. तीन आठवडे मी स्वतःला मठ्ठ समजले. माझ्या बहिणीला मी रडवलं. यांच्यासाठी तिच्यावर ओरडले.

१ मार्च, शनिवार

सकाळी चहा घेऊन गेले तर आतून आवाज. दाराआडून बघितलं. बाई स्वतःलाच सांगत होत्या, "सिट अप." कोपरावर जोर देऊन चार बोटं वर उठल्या, पडल्या. "सिट अप." पुन्हा पडल्या. तिसऱ्यांदा आवाजच फुटला नाही.

मी आत गेले. चहा ठेवला. पाठीमागे हात घातला. "सिट अप," म्हटलं मी. त्या उठल्या. माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून जरा वेळ तशाच बसल्या. वजन काय, कोंबडीएवढं.

"माफ केलंस?" विचारलं.

"नाही," म्हटलं मी. कारण खोटं वाक्य चालत नाही ना!

"बरोबर," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "यापुढे मी तपासणार नाही. माझ्या तपासण्यावर कोण विश्वास ठेवणार?" मी लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि त्यांच्या हातात दिली. परीक्षेला एकवीस दिवस आहेत आणि मला दुसरं कोण शिकवणार?

२२ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. मोठा हॉल, दोनशे जण, सगळे माझ्याहून वीस वर्षांनी लहान. दोन शब्द अडले, बाकी हाताने आपोआप लिहिले. निबंध होता, 'माझं घर'. मला कुठलं घर? स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीबद्दल लिहिलं, भिंतीवरच्या पंधराच्या गोलासकट.

घरी आले तर बाई दुपारपासून चष्मा घालून बसल्या होत्या. प्रत्येक प्रश्न सांगायला लावला. शेवटी म्हणाल्या, "पास होशील," आणि झोपून गेल्या.

११ एप्रिल, शुक्रवार

पास! ताईला फोन लावला, ती तिकडे रडली, मी इकडे. फिजिओंनी पेढे आणायला हवेत म्हणून मलाच दटावलं. बाईंनी निकालाचा कागद तीनदा वाचला. मग मला मुलाचा फोन लावून द्यायला सांगितलं. मला वाटलं, कौतुक सांगतील.

"होमची जागा बघून ठेव," म्हणाल्या. "जूनपासून. मीच सांगते आहे."

१० मे, शनिवार

होम बघायला गेलो, बाई, मी आणि त्यांचा मुलगा. त्याला दीड तासाची सवड होती. एका खोलीत सहा खाटा. बाईंची खाट खिडकीशी, खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीची भिंत. बाकीच्या पाचजणी दारातून कोण आलं ते बघत होत्या, आणि आपलं कोणी नाही हे कळल्यावर पुन्हा आडव्या झाल्या.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पाच विद्यार्थिनी आहेत. वर्ग भरेल."

त्यांना जागा आवडली, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. परतताना गाडीत मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दमल्या असतील.

७ जून, शनिवार

उद्या सकाळी माझं विमान, दुपारी बाईंना न्यायला होमची गाडी. दोघींच्या बॅगा दारात शेजारी शेजारी. त्यांची माझ्याहून लहान आहे.

आज मला सारखं एकच सुचतंय. परवापासून मी तिकडच्या होममध्ये कुणाच्या तरी आईला सिट अप म्हणून उठवणार. इथे यांना कोण उठवणार? हे मी बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ज्याची ड्यूटी असेल तो. तुझी ताई एकटी आहे. जा." मी म्हटलं, माफ केलं हं बाई, कधीच. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. उशीर केलास तारीख टाकायला."

संध्याकाळी म्हणाल्या, शेवटचा पेपर. दहा वाक्यं, सगळी खरी. मी खुर्चीवर बसून लिहिलं, त्या बघत होत्या. ताईबद्दल दोन, माझ्या बॅगेबद्दल एक, शालीबद्दल एक. शाल मी परत घेतली आहे. बाकीची बाईंबद्दल. दहावं लिहिलं : आय विल कम बॅक. मी परत येईन.

बाईंनी पेन्सिल घेतली. हात आता फार कापतो, तरी एकेक बरोबरची खूण नीट काढली. नऊ झाल्या. दहाव्यापाशी पेन्सिल थांबली.

"चूक आहे का बाई?"

"शब्द बरोबर आहे. वाक्य खरं की खोटं, ते मला आज कसं कळणार?" कागदाची घडी केली. "हे राहू दे. तू आलीस की तपासू."

मी कागद मागितला, आठवण म्हणून. त्यांनी दिला नाही. अर्धवट तपासलेला पेपर मुलांच्या हातात देत नाहीत म्हणाल्या, आणि उशीखाली ठेवला.

मी त्यांची बॅग पुन्हा उघडली. दोन गाऊन, गोळ्यांचे दोन डबे, त्यातला एक चिठ्ठ्यांचा. लाल पेन्सिल बोटाएवढी उरली आहे. तिला बारीक टोक काढलं आणि वरच्या कप्प्यात, हाताला सहज लागेल अशी ठेवली.